पाइप कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा

गेलं वर्षभर तू नेमकं करतेस काय असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, क्लॅम्प बसवते. मग समोरच्याचा चेहराच पडतो, कारण हायड्रोजनवर उडणारं विमान म्हटल्यावर त्याला इंजिन, टाकी, भविष्य वगैरे ऐकायचं असतं आणि मी बोलत बसते की पंखाच्या आतून जाणारा पाइप कुठे घट्ट आवळायचा आणि कुठे मोकळा ठेवायचा. पण खरं सांगू का, या सगळ्या कामात माझी सगळ्यात जास्त झोप कुणी उडवली असेल तर ती या क्लॅम्पनीच, म्हणून आज त्यांच्यावरच लिहितेय, जरा लांबेल, चहा-बिहा घेऊन बसा.

आधी आमच्या फजितीबद्दल. आमच्याकडे एक टेस्ट रिग आहे, सहा मीटर लांबीची चौकोनी बीम, एका टोकाला भिंतीत घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला जॅक, जॅक वर ढकलला की बीम विमानाच्या पंखासारखी वाकते. त्यावर स्टेनलेस स्टीलचा पाइप, ५० मिमी व्यासाचा, भिंत १ मिमी, वरून फोम, आठ क्लॅम्प. पहिल्या फेरीत हायड्रोजन नव्हताच, लिक्विड नायट्रोजन सोडायचा होता. ड्रॉइंगमध्ये मी लिहिलेलं होतं की पहिला क्लॅम्प फिक्स आणि बाकीचे सात सरकते, आणि शेवटच्या टोकाला बेलोज, म्हणजे तो अकॉर्डियनच्या भात्यासारखा घड्यांचा तुकडा. आता हे लिहिलेलं होतं नोट नंबर १४ मध्ये, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

आमचे एक टेक्निशियन काका आहेत, हात इतका पक्का की त्यांनी बसवलेलं काही हलत नाही. आणि त्यांनी तेच केलं. सकाळी शेवटचा राउंड मारताना त्यांना सात क्लॅम्पचे बोल्ट सैल दिसले, कुठल्याही चांगल्या माणसाला सैल बोल्ट दिसला की हात शिवशिवतातच, त्यांनी पाना घेतला आणि सगळे आवळून टाकले. मला येऊन सांगितलंही, "मॅडम, सगळे लूज होते, टाइट केलेत." मी मान हलवली. लॅपटॉपमध्ये तोंड घातलेलं होतं, कानापर्यंत पोचलं पण डोक्यापर्यंत नाही.

नायट्रोजन सुरू केला, पाइपात आधी खदखद, मग हिस्स, मग हळूहळू आवाज बसत गेला म्हणजे पाइप थंड होत होता, आणि साधारण आठव्या मिनिटाला टक् असा एक आवाज आला, थोड्या वेळाने अजून एक. बंद करून बघतो तर दुसऱ्या क्लॅम्पचा ब्रॅकेट वाकून तिरका झालेला आणि आठव्याचा एक बोल्ट चक्क कातरलेला. जॅक अजून हलवलाही नव्हता! पंख वाकायच्या आधीच खेळ खलास. काका इतके शरमले की मलाच वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हतीच, जी गोष्ट सैल ठेवायची आहे ती आवळता येईल अशी बनवली ही माझी चूक होती. हे मला कळायला मात्र दोन दिवस लागले, त्याआधी मी नोट नंबर १४ दाखवत फिरत होते.

आता हे झालं का ते बघा. स्टेनलेस स्टील खोलीच्या तापमानापासून लिक्विड नायट्रोजनच्या उणे १९६ अंशापर्यंत थंड केलं तर मीटरमागे साधारण २.८ मिमी आकसतं. लिक्विड हायड्रोजन उणे २५३ ला असतो, म्हणजे अजून ५७ अंश खाली, पण तिथपर्यंत गेलं तरी आकडा ३ मिमीपर्यंतच पोचतो, कारण फार थंडीत धातू आकसायचंच जवळपास थांबवतो. (म्हणून नायट्रोजनवर केलेली चाचणी आकसण्याच्या हिशोबाला बऱ्यापैकी चालते, हे आमचं नशीब, नायट्रोजन पेट घेत नाही.) सहा मीटरला झाले १७ मिमी. ऐकायला काहीच नाही, करंगळीच्या नखाएवढं. पण ते १७ मिमी तुम्ही होऊच दिले नाहीत तर स्टीलमध्ये ताण येतो कागदावर ५६० मेगापास्कलच्या आसपास, आणि त्या १ मिमीच्या पातळ भिंतीच्या पाइपात तो ताण म्हणजे जवळपास नऊ टनांची ओढ. अर्थात तेवढी येत नाही, त्याआधी काहीतरी शरण जातं, पाइप तरी नाहीतर ब्रॅकेट तरी. आमच्याकडे ब्रॅकेट गेला. विमानात पाइप गेला असता तर हा ब्लॉग एवढ्या खेळीमेळीने लिहिला नसता.

बरं, मुळात पाइप पंखात घालायचाच कशाला? केरोसीनच्या विमानात हा प्रश्नच येत नाही, पंख हीच टाकी असते आणि इंजिन त्याच्याच खाली लटकलेलं, पाइप म्हणजे हातभर. हायड्रोजनचं तसं नाही. किलोमागे त्यात ऊर्जा केरोसीनच्या पावणेतीन पट आहे पण तो इतका हलका आहे, लिक्विड असूनसुद्धा घनमीटरला ७१ किलोच, की तेवढ्याच ऊर्जेला जागा चौपट लागते. शिवाय टाकी गोल किंवा नळकांड्यासारखी हवी, कारण थंडी धरून ठेवायची तर पृष्ठभाग कमी पाहिजे आणि दाब सोसायला गोलाई पाहिजे. पंखाचा आकार म्हणजे चपटी पेटी, दोन्ही बाबतीत नापास. म्हणून टाकी जाते धडात, इंजिनं राहतात पंखावर, आणि मधलं अंतर जोडायला येतो आपला पाइप.

यातून एक गंमत होते जी मला स्वतःला उशिरा लक्षात आली. पंखात इंधन असलं की त्याचं वजन पंखाला खाली दाबतं आणि हवा वर ढकलते, दोघं थोडेफार एकमेकांना फेडतात. हायड्रोजनच्या विमानात पंख रिकामा, खाली ओढणारं कुणी नाही, म्हणजे तोच पंख हवेत जास्त वाकणार. त्यात आजकाल इंधन वाचवायला पंख लांब आणि बारीक करायची टूम आहे, ते तर वेताच्या छडीसारखे. पंख किती वाकतो याचा अंदाज नसेल तर सांगते, बोइंग ७८७ च्या पंखाची ताकद तपासली तेव्हा, मार्च २०१० मध्ये, उड्डाणात जास्तीत जास्त येऊ शकेल त्याच्या दीडपट भार टाकला होता आणि टोक साधारण २५ फूट वर गेलं होतं. पंख तुटला नाही. त्याआधी जानेवारी १९९५ मध्ये ७७७ चा मुद्दाम तुटेपर्यंत वाकवला, तो अशाच जास्तीत जास्त भाराच्या १५४ टक्क्यांना तुटला, तोवर टोक २४ फूट वर. रोजच्या उड्डाणात एवढं होत नाही पण दोन-तीन मीटर वरखाली हे मोठ्या विमानाला नेहमीचंच, खिडकीतून पंख हलताना बघून घाबरणाऱ्यांनी घाबरू नये, न हलणारा पंख जास्त घाबरायचा विषय आहे.

लोकांना वाटतं पंख वाकला की पाइप वाकून तुटेल. नाही हो. समजा अर्धा पंख १७ मीटरचा आहे आणि टोक दीड मीटर वर गेलं, तर त्या वक्राची त्रिज्या होते ९६ मीटरच्या आसपास, ८० मिमी जाडीचा पाइप त्या वळणावर सहज वळतो, त्याच्या भिंतीत ताणाचं प्रमाण ०.०४ टक्के, म्हणजे काहीच नाही. अडचण वाकण्याची नाही, लांबीची आहे. पंख वर वाकला की त्याची वरची कातडी आखडते आणि खालची ताणली जाते, मधे कुठेतरी एक पातळी असते जिची लांबी बदलतच नाही, तिला न्यूट्रल ॲक्सिस म्हणतात. पाइप त्या पातळीपासून २० सेंटीमीटर खाली बसवला तर त्याच्या बाजूचा पंख मीटरमागे २ मिमी लांब होतो, आणि पाइप थंडीने मीटरमागे ३ मिमी आखूड व्हायच्या मागे. दोघांची तोंडं विरुद्ध. पाच मीटरवर इंजिन असलं तर २५ मिमीचं भांडण, आणि ते क्लॅम्पनी मिटवायचं.

यावर आमच्यातल्या एका तरुण मुलाने भारी डोकं चालवलं. म्हणाला, ताई, मग पाइप न्यूट्रल ॲक्सिसच्या वर का नको? पंख वर वाकला की तिथलं अंतर आखडतं, पाइप पण आकसलेलाच, दोघांचं जमेल. मला क्षणभर वाटलं याने सगळं सोडवलंच. मग कागद घेऊन बसलो. विमान जमिनीवर उभं असताना इंजिन सुरू करायच्या आधी पाइप थंड करावा लागतो, तेव्हा पंख हवेत उचललेला नसतो, उलट इंजिनाच्या वजनाने किंचित लोंबकळत असतो. म्हणजे पाइप आखूड झालाय आणि वरची बाजू ताणली गेलीय, सगळ्यात वाईट जोडी, आणि ती रोज, प्रत्येक उड्डाणाला. शिवाय थंडीचं आकसणं हे एका उड्डाणात एकदा होतं, त्याला आधीच सोय करून ठेवता येते, बेलोज मुद्दाम थोडा दाबून बसवायचा म्हणजे थंड झाल्यावर तो बरोबर मधल्या स्थितीत येतो. पंखाचं हलणं मात्र झुळुकीगणिक चालू, आयुष्यभरात लाखो वेळा. जे एकदाच होतं त्याला आपण फसवू शकतो, जे लाखो वेळा होतं ते कमीच करावं लागतं. ते कमी होतं फक्त न्यूट्रल ॲक्सिसच्या जवळ. बिचाऱ्याचा चेहरा उतरला पण प्रश्न त्याचाच चांगला होता, त्याच्यामुळे मार्ग ठरला.

मार्ग म्हणजे पाइप न्यायचा कुठून. पंखाच्या मुख्य पेटीच्या आत, मधोमध, न्यूट्रल ॲक्सिसवर, असं पहिल्यांदा सगळ्यांना सुचतं, कारण हायड्रोजनच्या विमानात ती पेटी रिकामीच आहे. पण ती बंद जागा आहे, हायड्रोजन गळला तर तिथेच साठणार. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेटू शकतो आणि पेटायला लागते ०.०२ मिलीज्यूल एवढी नखभर ठिणगी, अंगावरच्या स्टॅटिकच्या चटक्यात याच्या कितीतरी पट असते. शिवाय प्रत्येक रिबमध्ये, म्हणजे पंखाच्या आतल्या आडव्या फासळीत, जॅकेटसकट (पाइपावरचं थंडी राखणारं आवरण, त्यावर पुढे) पाइप जाईल एवढं भोक पाडावं लागणार आणि नंतर तपासणीला आत सरपटत जावं लागणार. पुढच्या बाजूला, लीडिंग एजमध्ये नेला तर हवा खेळती ठेवता येते, झाकण उघडून बघता येतं, पण पक्षी धडकतात तो हाच भाग. मागच्या स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईच्या, मागे फ्लॅपची यंत्रणा, हायड्रॉलिकच्या नळ्या, सगळी गर्दी. आणि कुठूनही नेला तरी इंजिनातली एखादी गरगर फिरणारी डिस्क फुटून तिचे तुकडे उडाले तर ते ज्या पट्ट्यातून जातील तिथे शटऑफ व्हॉल्व्हचा विचार करावाच लागतो.

माझं मत विचाराल तर स्पारच्या उभ्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर मध्यउंचीवर. तिथे न्यूट्रल ॲक्सिस जवळपास मिळतो आणि पाइप बंद पेटीच्या बाहेरही राहतो. ब्रॅकेटसाठी भोकं पाडायची तर तिथे वाकण्याचा ताण कमीत कमी असतो. शिअर, म्हणजे कातरणारा ताण, तिथे जास्त असतो हे मान्य, आणि स्ट्रक्चरवाले हे वाचून फोन करतील हेही मान्य.

आता क्लॅम्प आणि बेलोज. याचं मूळ तत्त्व पूल बांधणाऱ्यांना केव्हाचं माहीत आहे, पुलाचं एक टोक घट्ट आणि दुसरं रोलरवर. पाइपलाही तसंच, दोन घट्ट जागांच्या मध्ये लांबीतला फरक खाणारी एकच जागा. इथे नवशिके हमखास चुकतात, त्यांना वाटतं एकापेक्षा दोन बेलोज बरे. दोन बेलोज एकामागे एक लावले आणि मधे घट्ट जागा ठेवली नाही तर जो जरा मऊ असेल तो सगळं काम अंगावर घेतो, दुसरा बसून खातो आणि मधला पाइप अधांतरी डुलत राहतो. ऑफिसात होतं तसंच.

बेलोजचा अजून एक स्वभाव म्हणजे आत दाब आला की तो लांब व्हायला बघतो. ६० मिमी सरासरी व्यासाच्या बेलोजमध्ये ५ बार दाब असला तर तो दोन्ही बाजूंना साधारण १४०० न्यूटनने ढकलतो, म्हणजे दोन दणकट माणसांचं वजन. त्याला नीट आधार नसला तर तो सापासारखा बाजूला वळतो, त्याला स्क्वर्म म्हणतात आणि एकदा वळला की संपला. म्हणून एकतर दोन्हीकडे दणकट अँकर, म्हणजे अजिबात न हलणाऱ्या जागा, द्यायचे किंवा टाय रॉड (लांब होऊ न देणारे दांडे) लावलेले, नाहीतर बिजागरीवाले बेलोज वापरायचे जे फक्त कोनात वळतात, लांब होत नाहीत. असे तीन बिजागरीवाले बेलोज पाइपाच्या एका वळणावर बसवले की कोनाकोनातून लांबीचा फरक निघतो आणि ढकलाढकलीही होत नाही. जागा खातात, वजन खातात, पण मला तेच आवडतात.

आणि आतून? घड्यांवरून हायड्रोजन जोरात वाहिला की घड्या शिट्टीसारख्या थरथरतात. म्हणून आत एक गुळगुळीत नळी बसवतात, फ्लो लायनर. आणि मग ती नळीच तडकते! २००२ च्या जूनमध्ये स्पेस शटल अटलांटिसच्या हायड्रोजन लाइनमधल्या फ्लो लायनरवर बारीक तडे सापडले, मग बाकीच्या शटलमध्येही सापडले, आणि ते वेल्ड करून नीट होईपर्यंत सगळी शटल जमिनीवर. एका उपायाचा दुसरा आजार होतो तो असा.

जॅकेटबद्दल थोडं. उघडा पाइप लिक्विड हायड्रोजनने थंड केला तर त्यावर फक्त बर्फ नाही जमत, हवाच पाणी होऊन टपकायला लागते, कारण ऑक्सिजन उणे १८३ ला आणि नायट्रोजन उणे १९६ ला द्रव होतो आणि पाइप त्याहून कितीतरी थंड. वाईट म्हणजे ते थेंब ऑक्सिजनने श्रीमंत असतात, शेजारी ग्रीस किंवा वायरचं आवरण असेल तर आगीला आमंत्रणच. या तापमानाला वायू राहणारा एकटा हेलियम. म्हणून नळीत नळी, मधे निर्वात पोकळी आणि चकचकीत फॉइलचे थर. फोम स्वस्त आणि हलका, पण रोज वाकणाऱ्या पंखात फोमला तडे जातात, तड्यातून हवा आत शिरते, आत जाऊन गोठते, अजून हवा ओढते, आणि पाइप गरम झाला की ती सगळी एकदम बाहेर पडायला बघते. रिगवर फोम ठीक, पंखात नको.

गंमत अशी की जॅकेट हायड्रोजन वाचवायला असतं असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. हिशोब केला. १ वॅट उष्णता आत शिरली तर तासाला साधारण ८ ग्रॅम हायड्रोजन उकळतो. समजा एक इंजिन तासाला १२०० किलो केरोसीन खातं, त्याच्या जागी हायड्रोजन लागेल ४३० किलोच्या आसपास. पाइपमध्ये १०० वॅट शिरले तरी वाहणारा हायड्रोजन जेमतेम ०.१ अंशाने तापतो, काही बिघडत नाही. बिघडतं ते प्रवाह मंद झाला की, जमिनीवर वाट बघत उभं असताना, पाइप पहिल्यांदा थंड करताना. तेव्हा बुडबुडे होतात, आणि पंख धडापासून टोकाकडे किंचित वर चढत गेलेला असल्यामुळे बुडबुडे जातात वर, म्हणजे बरोबर इंजिनाच्या पंपाकडे, आणि पंपाला बुडबुडा आवडत नाही. दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये थोडासा द्रव अडकला तर अजून वाईट, कारण त्याचा खोलीच्या तापमानाला वायू झाला तर जागा लागते साडेआठशे पट, म्हणून अशा प्रत्येक तुकड्याला स्वतःचा रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच लागतो.

जॅकेट आलं की क्लॅम्पचा प्रश्न अर्धा सुटतो आणि अर्धा आत जातो. बाहेरची नळी गरमच राहते, ती आकसत नाही, क्लॅम्प तिलाच धरतो, त्यामुळे क्लॅम्पमधलं रबर थंडीने कडक होणं वगैरे भानगड नाही. पण आतली नळी बाहेरच्या नळीत ३ मिमी मीटरमागे आकसतेच, मग तोच खेळ आत, ग्लास फायबरचे बारीक स्पेसर, एक जागा घट्ट, बाकी सरकत्या, फक्त आता ते तुम्हाला दिसत नाही आणि पाना घेऊन कुणी काकाही तिथे पोचत नाही. स्पेसर जास्त लावले तर प्रत्येक स्पेसर म्हणजे उष्णतेचा पूल, कमी लावले तर आतली नळी थरथरून बाहेरच्या नळीवर आपटते. आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर पाइपाची नैसर्गिक कंपनसंख्या चौथ्या हिश्श्यावर येते, आणि ती घसरत घसरत इंजिनाच्या एखाद्या कंपनाशी जुळली की झालं. लोक अंतर ठरवायला डोळे मिटून जुना नियम लावतात, तो नियम गरम पाइपासाठी होता हे विसरतात.

हे सगळं कुणी आधी केलंच नाही असं नाही हं. अमेरिकेत बी-५७ नावाच्या बॉम्बरवर हा प्रयोग १९५७ सालीच झाला, १३ फेब्रुवारीला. डाव्या पंखाच्या टोकाला लिक्विड हायड्रोजनची टाकी, उजव्या पंखाच्या टोकाला हेलियम, तो हायड्रोजनला ढकलायला, आणि दोन इंजिनांपैकी एक हायड्रोजनवर. म्हणजे पंखातून हायड्रोजनचा पाइप तेव्हाच गेला होता, फक्त तो पंख आखूड आणि ताठ. त्याच सुमारास लॉकहीडचा सीएल-४०० नावाचा गुप्त प्रकल्प होता, त्यात इंजिनं चक्क पंखांच्या टोकांना आणि हायड्रोजन धडात, ते विमान बनलंच नाही. सोव्हिएत टुपोलेव टीयू-१५५ ने १५ एप्रिल १९८८ ला हायड्रोजनवर पहिलं उड्डाण केलं, पण त्याची इंजिनं शेपटाशी आणि टाकी केबिनच्या मागच्या भागात, पंखाला हातच लावला नाही. शहाणी माणसं. २०२३ च्या जानेवारीत डॉर्नियर २२८ उडालं, मार्चमध्ये डॅश ८ उडालं, दोघांचं एकेक इंजिन फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रावर, टाक्या केबिनमध्ये आणि हायड्रोजन वायुरूपात.

मला मात्र सारखं आठवतं ते हेलिओस. नासाचं सौरऊर्जेवरचं मानवरहित विमान, ७५ मीटर लांब एकच पंख, त्याला धडच नाही. २००३ साली त्यात मधोमध फ्युएल सेल आणि पंखाच्या टोकांकडे हायड्रोजनच्या उच्च दाबाच्या टाक्या बसवल्या. २६ जून २००३ ला हवाईमधल्या काउआई बेटाजवळ पंख कमानीसारखा वर वाकला, परत खाली आलाच नाही, विमान पुढेमागे झोके घ्यायला लागलं आणि समुद्रावर त्याचे तुकडे झाले. यात हायड्रोजनची किंवा पाइपाची काही चूक नव्हती. पण आधी पंखभर सारखं पसरलेलं वजन काही मोजक्या जागी गोळा झालं होतं आणि असा पंख कसा वागेल हे त्या वेळच्या गणिताला नीट सांगता आलं नाही. आम्ही पाइपवाले पंखाला गृहीत धरतो, पंखवाले पाइपाला गृहीत धरतात, माझ्या टेबलावर हेलिओसचा तो कमानीसारखा वाकलेला फोटो म्हणूनच लावलाय.

तर आमच्या रिगचं पुढे काय झालं. नोट नंबर १४ काढून टाकली. सरकत्या क्लॅम्पना आता शोल्डर बोल्ट आहेत, म्हणजे बोल्टला मधे एक खांदा असतो, कितीही आवळा तो खांद्यावर जाऊन थांबतो आणि क्लॅम्प मोकळाच राहतो. फिक्स क्लॅम्पला पिवळा रंग. काकांना बोलावून म्हटलं, काका, आवळा. त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं, मग सगळा जोर लावून सातही आवळले, आणि मी एका बोटाने क्लॅम्प सरकवून दाखवला. ते म्हणाले, "हे आधी करायचं ना, मॅडम." बरोबर आहे.

दुसऱ्या फेरीत नायट्रोजनही सोडला आणि जॅकही चालवला. प्रत्येक क्लॅम्पपाशी डायल गेज, म्हणजे तो किती सरकला ते दाखवणारी तबकडी. अँकरपासून चार मीटरवर सहावा क्लॅम्प आहे, तो ११ मिमी सरकायला हवा होता. पहिल्या दिवशी ११ सरकला. दुसऱ्या दिवशी ११. तिसऱ्या दिवशी ४ वर अडकला आणि ब्रॅकेट कलायला लागला म्हणून आम्ही थांबवलं. काकांनी बॅटरी मारून बघितलं तर सरकायच्या फटीत बर्फ, फोमच्या कडेने दमट हवा शिरून गोठलेली, पांढरा तांदळाएवढा खडा, आणि तेवढ्याने सरकता क्लॅम्प परत फिक्स झाला होता. आता तिथे प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून आत कोरडा नायट्रोजन सोडून ठेवलाय, दिसायला अगदी जुगाड, पण गेले नऊ दिवस ११ चा आकडा येतोय. खऱ्या पंखात जॅकेटची बाहेरची नळी एवढी थंड नसणार हे खरं, पण उणे ५० च्या हवेत तासन् तास उडून मग दमट ढगातून खाली उतरणाऱ्या विमानात सरकत्या फटीत पाणी शिरणार नाही असं मी तरी लिहून देणार नाही, पुढची फेरी त्याचीच आहे.